उसना वेग

रमेश कृष्णन आणि मॅट्स विलँडर यांच्यातल्या दोन सामन्यांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले, तर कोणीही बुचकळ्यात पडेल. डिसेंबर १९८७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत विलँडरने रमेशला सरळ तीन सेटमध्ये गारद केलं. भारत ती लढत ५–० अशी हरला. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, जानेवारी १९८९ मध्ये, हेच दोघे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत समोरासमोर आले. मधल्या काळात विलँडरने एकाच वर्षात तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या होत्या. तो जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता आणि या स्पर्धेचा गतविजेताही. रमेश तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याची सर्वोत्तम क्रमवारी चार वर्षं मागे पडली होती. सामना त्याने ६–३, ६–२, ७–६ असा जिंकला.

या निकालाची दोन सोपी स्पष्टीकरणं आजवर दिली गेली आहेत. पहिलं असं, की त्या दिवशी रमेशचं सगळंच जुळून आलं. दुसरं विलँडरच्या बाजूचं. पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यावर आपल्यातली ईर्ष्या ओसरली, हे त्याने स्वतःच पुढे बोलून दाखवलं आहे. त्याच स्पर्धेनंतर इव्हान लेंडलने त्याच्याकडून अव्वल स्थान काढून घेतलं आणि १९८९ सालात विलँडरच्या हाती एकही ग्रँड स्लॅम लागलं नाही. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य आहे. पण गोथेनबर्ग आणि मेलबर्न यांच्यातला सगळ्यात मोठा फरक खेळाडूंच्या पायाखाली होता. एका ठिकाणी बंदिस्त सभागृहात खास अंथरलेली लाल माती होती. दुसऱ्या ठिकाणी होतं रबरी थराचं ‘रिबाउंड एस’ हे हार्ड कोर्ट, सरळ आणि भरवशाचा टप्पा देणारं.

रमेश कृष्णनच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना ‘कलात्मक’, ‘नजाकतदार’, ‘मनगटी’ ही विशेषणं आपोआप लेखणीतून उतरतात. ती चुकीची नाहीत, पण त्यांनी काही उलगडत नाही. नजाकत जर अंगातच होती, तर ती गोथेनबर्गला कुठे गेली? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं, की त्याच्या खेळाचं खरं यंत्र दिसायला लागतं. ते चालायचं प्रतिस्पर्ध्याच्या वेगावर. चेंडूला स्वतःचा वेग देण्याची ताकद रमेशकडे फारशी नव्हती. समोरून आलेला वेग उसना घ्यायचा आणि तो वळवून अशा जागी परत करायचा जिथे धनको हजर नसेल, हा त्याचा व्यवहार होता. व्यवहार म्हटला की अटी आल्या, आणि त्या कुठे पुऱ्या होत होत्या नि कुठे नाही, यावर त्याच्या कारकिर्दीचे चढउतार ठरत गेले.

एक गुण जवळून पाहू. समोर त्या काळातला नमुनेदार सर्व्ह-अँड-व्हॉली खेळाडू आहे. सर्व्हिस करून तो धावत जाळ्याकडे निघाला आहे. चेंडू गवतावरून सरपटत येतो आणि गुडघ्याच्याही खाली राहतो. बहुतेक खेळाडू इथे एक पाऊल मागे सरकतात, रॅकेट मागे खेचतात आणि जोर लावायला वेळ मिळवतात. रमेश मागे सरकत नाही. त्याची रॅकेट मागे जाते तीही वीतभर. चेंडू टप्पा घेऊन उठतो न उठतो तोच तारांना लागतो. फटक्यात टॉपस्पिन जवळजवळ नाही, फक्त रॅकेटचा पृष्ठभाग हवा त्या कोनात वळलेला आहे. चेंडू ज्या वेगाने आला जवळपास त्याच वेगाने परत जातो, पण व्हॉली मारायला निघालेला माणूस अजून सर्व्हिस लाइनच्या आसपास मधल्या पावलात अडकलेला असतो. चेंडू त्याच्या पायाशी पडतो. त्याने कसाबसा वर उचलून दिला, की पुढचा फटका बाजूने निघून जातो किंवा डोक्यावरून लॉब होतो. यात ताकदीने मारलेला एकही फटका नाही. एक-दोन सेटमध्ये असं दहा-पंधरा वेळा झालं, की जाळ्याकडे धावणाऱ्याचे पाय जड होतात.

बेसलाइनवरून हाफ-व्हॉली मारणं एरवी नाइलाज समजला जातो. चेंडू अंगावर आला, वेळ मिळाला नाही, म्हणून मारलेला फटका. रमेशच्या हातात तो नेहमीचा फटका होता. चेंडू लवकर घेतल्याने समोरच्याला सावरायला मिळणारा वेळ कापला जातो. ज्याच्या फटक्यात वेग कमी आहे त्याला असाच वेळ चोरावा लागतो.

आता तोच खेळ मातीवर न्या. मातीवर टप्पा पडताच चेंडूचा वेग मोडतो आणि टॉपस्पिन दिलेला चेंडू खांद्याच्या उंचीपर्यंत उसळतो. त्यात विलँडरसारखा खेळाडू जाळ्याकडे यायची घाई करत नाही. बेसलाइनच्या मागे उभा राहून वीस-पंचवीस फटक्यांची फेरी चालवायला त्याची ना नसते. म्हणजे उसनं घ्यायला वेग नाही, पासिंग शॉट मारायला जाळ्याजवळ कोणी नाही, आणि खांद्यापाशी आलेल्या चेंडूला जोर लावायचा तो आपल्याच दंडातून. डेव्हिस चषकात कोर्ट निवडण्याचा हक्क यजमानांचा असतो. स्वीडिश मंडळींनी स्कॅन्डिनेव्हियम या आइस हॉकीच्या सभागृहात माती अंथरली ती काही उगाच नाही. गवतावर ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियात हरवून आलेला संघ समोर होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा खेळ रमेशला घरातच मिळाला. आजोबा टी. के. रामनाथन स्वतः टेनिसपटू आणि प्रशिक्षक. त्यांनी मुलाला घडवलं आणि पुढे नातवाच्या खेळावरही हात फिरवला. त्यांचे चिरंजीव रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये ज्युनिअर विम्बल्डन जिंकलं. अंतिम सामन्यात त्यांनी हरवलेला ॲशली कूपर चारच वर्षांनी विम्बल्डनचा विजेता झाला. त्यानंतर थोरले कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेले. पहिल्या खेपेस नील फ्रेझर आडवा आला, दुसऱ्या खेपेस रॉड लेव्हर, आणि दोघांनीही त्या त्या वर्षी किताब जिंकला. १९६१ च्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी रॉय एमर्सनला सरळ सेटमध्ये हरवलं होतं. १९६२ मध्ये चौथं मानांकन मिळालं, पण घोट्याच्या दुखापतीने स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली.

सर्व्हिस थोरल्या कृष्णन यांचीही बेताचीच होती. तरीही व्यावसायिक टेनिसचे प्रवर्तक जॅक क्रेमर यांनी त्यांच्यापुढे तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरचा करार ठेवला होता. त्या काळी व्यावसायिक झालेल्या खेळाडूला विम्बल्डनचे आणि डेव्हिस चषकाचे दरवाजे बंद होत. कृष्णन यांनी करार नाकारला. देशासाठी खेळायचं तर हौशीच राहणं भाग होतं. १९६८ मध्ये टेनिस सर्वांना खुलं झालं तेव्हा त्यांची उमेदीची वर्षं सरून गेली होती. मुलगा व्यावसायिक टेनिसच्या जगात उतरला, तो हा हिशेब घरात झालेला असताना.

थोरल्यांच्या डेव्हिस चषकातल्या कामगिरीचं शिखर १९६६ सालचं. कलकत्त्याच्या साउथ क्लबवर ब्राझीलविरुद्ध २–२ बरोबरी झाली होती आणि निर्णायक सामन्यात थॉमस कॉक दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. चौथ्या सेटमध्ये त्याची आघाडी ५–२. तिथून कृष्णन यांनी तो सेट ७–५ आणि पाचवा ६–२ असा घेतला. भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. मेलबर्नमध्ये कूयाँगच्या गवतावर ऑस्ट्रेलियाने ४–१ ने बाजी मारली. भारताचा एकुलता एक विजय दुहेरीतला. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम–रोश या जोडीला हरवलं होतं. त्या ऑस्ट्रेलियन संघाचे कर्णधार होते हॅरी हॉपमन. त्यांच्या कारकिर्दीत ऑस्ट्रेलियाने सोळा वेळा डेव्हिस चषक जिंकला. पुढे हॉपमन अमेरिकेत फ्लोरिडाला जाऊन मुलांना शिकवू लागले, आणि रमेश त्यांच्या हाताखाली तयार झाला. बापाला रोखण्याचे डाव आखणाऱ्या माणसाने मुलाला शिकवलं.

रमेशने १९७९ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन या दोन्ही ज्युनिअर स्पर्धा जिंकल्या. बापलेक दोघांच्याही नावावर ज्युनिअर विम्बल्डन लागलं. दोनच वर्षांनी, विशीत पोहोचलेला रमेश यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत जॉन मॅकेन्रोसमोर उभा होता. मॅकेन्रो त्याच उन्हाळ्यात बोर्गला हरवून विम्बल्डन जिंकून आलेला. पहिला सेट रमेशने टायब्रेकरवर घेतला, दुसराही टायब्रेकरपर्यंत खेचला. तो हातचा गेला आणि मग सामनाही. मॅकेन्रो पुढे ती स्पर्धा जिंकला. पण डावखुऱ्या मॅकेन्रोच्या सर्व्हिसला आणि व्हॉलीला दोन सेट नाचवणारा मद्रासचा हा मुलगा कोण, अशी विचारणा त्या दिवशी सुरू झाली.

विचारणा झाली, आणि त्याबरोबर दोषांची यादीही निघाली. यादीत पहिली असायची सर्व्हिस. रमेशची सर्व्हिस गुण सुरू करण्यापुरती होती. बिनतोड सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळण्याची सोय नसल्याने स्वतःच्या सर्व्हिसचा प्रत्येक गेम त्याला फेऱ्या खेळूनच कमवावा लागे, आणि दुसरी सर्व्हिस तर समोरच्याला आमंत्रणच. टायब्रेकरमध्ये किंवा पाचव्या सेटच्या शेवटी, हात थकलेले असताना दोन दणदणीत सर्व्हिस मारून सुटका करून घ्यायची वाट त्याला बंद होती. उलट समोर तोफखाना असला तर अडचण वाढायची. १९८६ मध्ये तो विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तिथे गाठ पडली स्लोबोदान झिवोयिनोविच या धिप्पाड युगोस्लाव्ह खेळाडूशी. उसना घ्यायला वेग हवा हे खरं, पण तो हाताच्या टप्प्यात तरी यावा लागतो. रॅकेट पोहोचायच्या आत बाजूने निघून गेलेल्या सर्व्हिसचं कोणीच काही करू शकत नाही. रमेश चार सेटमध्ये हरला.

काळही उलटा वाहत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी रॅकेट मागे पडल्या आणि ग्रॅफाइट आलं. रॅकेटचं तोंड मोठं झालं, चौकट कडक झाली. मधोमध न बसलेला फटकाही आता जोरात जाऊ लागला. १९८५ मध्ये सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकलं तेव्हा येणाऱ्या दिवसांचा अंदाज सगळ्यांनाच आला. अचूक टायमिंगला लाकडाच्या जमान्यात जो भाव होता तो नव्या रॅकेटने उतरवला, कारण चुकीची किंमत कमी झाली. त्याच १९८५ च्या जानेवारीत रमेश कारकिर्दीतल्या सर्वोत्तम, म्हणजे २३ व्या क्रमांकावर होता. एकेरीची आठ विजेतेपदं आणि ग्रँड स्लॅम स्पर्धांत तीन उपांत्यपूर्व फेऱ्या एवढं त्याने त्या दशकात आणि त्याच्या आगेमागे कमावलं. तिसरी उपांत्यपूर्व फेरी १९८७ च्या यूएस ओपनमधली. तिथे स्टेफान एडबर्गने त्याला रोखलं.

या काळात मऊ हाताचा तो एकटाच होता असं मात्र नाही. चेकोस्लोव्हाकियाचा मिलोस्लाव्ह मेचिरही जोर न लावता खेळायचा. एकामागून एक स्वीडिश खेळाडूंना त्याने इतकं छळलं, की स्वीडिशांचा कर्दनकाळ अशीच त्याची ख्याती झाली. १९८८ मध्ये सोलला त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. पण मेचिर उंच होता, त्याची दोन हातांची बॅकहँड भक्कम होती, आणि गरज पडली तर तो स्वतःचा वेग निर्माण करू शकत असे. दोघांची तुलना केली की रमेशने किती कमी भांडवलावर धंदा चालवला ते कळतं.

भारतीय टेनिसच्या इतिहासात १९८७ सालाला वेगळं पान द्यावं लागेल. दिल्लीत अर्जेंटिनाविरुद्ध भारत हरल्यात जमा असताना तेहतिशीतल्या विजय अमृतराजने मार्टिन हाइतेविरुद्ध पराभवाच्या उंबरठ्यावरून सामना खेचून आणला आणि लढत ३–२ अशी जिंकली गेली. मग इस्रायलला हरवून संघ उपांत्य फेरीसाठी सिडनीला गेला. व्हाइट सिटीचं गवत, समोर ऑस्ट्रेलिया. रमेशने जॉन फिट्झजेराल्डला हरवलं. लढत २–२ अशी बरोबरीत आल्यावर पाचवा सामना त्याला वॉली मसूरशी खेळायचा होता. मसूर हा त्याच वर्षी जानेवारीत कूयाँगच्या गवतावर बेकरला हरवून ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत गेलेला खेळाडू. जाळ्याकडे धावणारा प्रतिस्पर्धी, खाली राहणारा चेंडू, वेगवान कोर्ट. रमेशच्या खेळाला लागणारी प्रत्येक अट त्या दिवशी पुरी होत होती. त्याने मसूरला एकही सेट दिला नाही. एकवीस वर्षांपूर्वी वडील ज्या देशात अंतिम लढत हरले होते, त्याच देशात मुलाने भारताला अंतिम फेरीत नेलं.

ही लढत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. त्यानंतर काही दिवसांतच रिलायन्स चषक सुरू झाला आणि देश क्रिकेटमध्ये बुडाला. वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून भारताला उपांत्य फेरीतून बाहेर काढलं, ती जखम मुंबईकरांना आजही आठवते. सिडनीचा पाचवा सामना मात्र विचारला तर चटकन कोणी सांगणार नाही. भारत डेव्हिस चषकाची अंतिम फेरी तीनदाच गाठू शकला आहे: १९६६, १९७४ आणि १९८७. त्यातल्या मधल्या खेपेस वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायलाच नकार दिला. म्हणजे प्रत्यक्ष खेळलेल्या अंतिम लढती दोनच, आणि दोन्हींत एकेक कृष्णन.

रमेशच्या खेळाला ‘नाजूक’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट हमखास निसटते. टप्प्याजवळ चेंडू घ्यायचा तर शरीर आधीच तिथे पोहोचलेलं असावं लागतं. मागे सरकून चूक सावरायला जागाच नसते. त्यामुळे हे काम मनगटापेक्षा जास्त डोळ्यांचं आणि पायांचं आहे. समोरच्याचा खांदा कुठे वळतोय, रॅकेटचं तोंड किती उघडलंय, हे वाचून अर्धं पाऊल आधी हलणं ही मेहनतीची विद्या आहे, आणि ती तालमीतच मिळते. कोर्टवर रमेश शांत असायचा. आरडाओरडा नाही, पंचांशी हुज्जत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं विनासायास वाटायचं. हा विनासायासपणाच त्याला भोवला म्हणायला हवं. कष्ट दिसले नाहीत, म्हणून हरल्यावर ‘जिद्द कमी पडली’ असा शेरा मारायला सगळे मोकळे. सिडनीचा पाचवा सामना ज्यांनी पाहिला त्यांनी तसा शेरा मारला नसता.

कारकिर्दीच्या शेवटी रमेशच्या जोडीला एक अगदी वेगळ्या धातूचा मुलगा आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एकतिशीतला रमेश आणि एकोणीस वर्षांचा लिएंडर पेस पुरुष दुहेरीत एकत्र खेळले आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. तिथे गोरान इव्हानिसेविच आणि गोरान प्रपिच या क्रोएशियन जोडीने त्यांना अडवलं. लिएंडरचं कुटुंब मूळचं गोव्याचं. वडील डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होते. लिएंडरनेही १९९० मध्ये ज्युनिअर विम्बल्डन जिंकलेलं, म्हणजे दोन कृष्णन यांच्यानंतर तिसरा भारतीय. पण त्याचा खेळ झेप घेणारा, जाळ्यावर तुटून पडणारा, गर्दीला सोबत घेणारा. बार्सिलोनानंतर चारच वर्षांनी अटलांटाला त्याने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. रमेश १९९३ मध्ये निवृत्त झाला. लिएंडर दुहेरीत जगभर गाजला, त्याच्याबरोबर महेश भूपतीही, आणि भारतीय टेनिसची ओळखच दुहेरीची झाली. ग्रँड स्लॅम एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठणारा रमेशनंतरचा भारतीय पुरुष अजून यायचा आहे.

पुढच्या प्रकरणांची मांडणी म्हणूनच सालवार केलेली नाही. गवत, हार्ड कोर्ट, माती आणि डेव्हिस चषक असे चार भाग पाडले आहेत, कारण रमेशच्या बाबतीत तारखेपेक्षा कोर्ट जास्त सांगतं. वाचकाने प्रत्येक सामन्याला तीन प्रश्न विचारत जावं. चेंडू किती उसळत होता? समोरचा जाळ्याकडे येत होता की मागे थांबत होता? आणि रमेशची पहिली सर्व्हिस किती वेळा कोर्टात पडत होती? ही उत्तरं हाती असली की निकाल फारसे चकित करत नाहीत. अपवाद निघतात, आणि मेलबर्नचा सामना त्यातलाच. विलँडर काही जाळ्याकडे धावणारा खेळाडू नव्हता. त्याच्याविरुद्ध हा खेळ तीन सेट कसा टिकला, ते हार्ड कोर्टच्या भागात फटक्यागणिक तपासलं आहे. सुरुवात मात्र गवतापासून, आणि तीही रमेशच्या जन्माआधीची आहे: १९५४ चं विम्बल्डन, सतरा वर्षांचे रामनाथन कृष्णन आणि पलीकडे ॲशली कूपर.